आपोआप उघडणारी दारे

जुलै उजाडला की आमच्या होस्टेलमधली करमाळा, माढा, इंदापूरकडची पोरं सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर एक आकडा बघतात. दौंडचा विसर्ग! खडकवासल्यातून सुटलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि दौंडवरून उजनीत येतं. ज्यांच्या आजोबांची घरं-शेतं या पाण्याखाली गेली, त्यांना हा आकडा सेमिस्टरच्या निकालापेक्षा जवळचा वाटतो.

याच खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली एका इंजिनिअरने अशी दारे बसवली, की ती उघडायला माणूस लागत नव्हता. त्यांचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषणं ऐकतो आणि मेसकडे पळतो. यंदा मात्र मला त्यांची आठवण निराळ्याच कारणाने झाली.

आमच्या विंगमधल्या एका ग्रुपने प्रोजेक्टसाठी एआय एजंट बनवला. ग्रुपवरचे मेसेज वाचायचे आणि कोणी काय करायचं त्याची कामं बोर्डावर आपणच टाकायची, हे त्याचं काम. रात्री चालू करून पोरं झोपली. सकाळी बघतात तर बोर्ड कार्डांनी भरलेला! एकच काम सात वेळा, आणि तेही गावी गेलेल्या पोराच्या नावावर. सगळे पोट धरून हसले. मला मात्र ती दारे आठवली.

विश्वेश्वरय्यांचं बालपण कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचं. वडील संस्कृतचे पंडित, पण ते लवकर गेले. शिकवण्या करत पोराने बेंगळुरूला बी.ए. केलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. तेच आजचं सीओईपी. १८८३ च्या परीक्षेत पहिला आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाला. पुढे खानदेश, सिंधमधलं सक्कर, पुणे असा प्रवास झाला.

पुण्याला असताना खडकवासल्याचा प्रश्न समोर आला. पावसाळ्यात तलाव भरून वाहायचा आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडायचं. धरणाची भिंत उंच करणं खर्चाचं आणि जोखमीचं. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हातच लावला नाही. सांडव्यावर त्यांनी दारे बसवली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. त्याच भिंतीमागे सुमारे आठ फूट जास्त पाणी साठू लागलं. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. अशीच दारे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसली.

आता गंमत बघा. हाच माणूस त्याच सुमारास नीरा कालव्यावर काम करत होता. तिथे ऊसवाले भरपूर पाणी घेत आणि टेलचा शेतकरी कोरडा राही. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावोगावच्या जमिनीचे पट्टे पाडायचे, ऊसासारखं तहानलेलं पीक पट्ट्याच्या काही भागातच घ्यायचं आणि तीन वर्षांच्या फेऱ्यात पिकं फिरवायची. विरोध झाला. पण पाणी कोणाला किती, हे त्यांनी यंत्रावर सोडलं नाही. शेतकऱ्यांशी बोलून, समजावून गाडा पुढे नेला. म्हणजे पातळी सांभाळणं दाराकडे आणि वाटणी माणसांकडे!

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १२ जुलै १९६१ ला वर बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. निम्मं पुणं पाण्यात गेलं. आपोआप चालणारी वस्तू तिच्या नियमात बसेल तेवढंच सांभाळते. वरचं धरणच फुटेल, हे कुठल्या दाराच्या नियमात बसणार?

उजनीला ४१ दरवाजे आहेत. ते किती उचलायचे हे आजही माणसं ठरवतात, आणि नुसती उजनीची पातळी बघून भागत नाही. खाली नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. वीर धरणातून नीरेत किती सुटलंय, हे न बघता इथून सोडलं तर पंढरपुरात चंद्रभागा घरात शिरते. दाराला फक्त आपला तलाव दिसतो. नीरा दिसायला फोन उचलणारा माणूस लागतो, आणि चुकलं तर जाब त्यालाच विचारला जातो.

बाकी चरित्र सगळ्यांना पाठ आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादचं काम, १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न. शंभरी गाठून १९६२ मध्ये ते गेले.

आमच्या ग्रुपने एजंट बंद केला नाही. पण आता तो कार्ड थेट बोर्डावर टाकत नाही, प्रस्ताव म्हणून बाजूच्या रकान्यात ठेवतो. दिवसाला दहाच्या वर नाही, आणि तेच काम आधी आहे का, हे बघूनच. कार्ड बोर्डावर सरकवायला ग्रुपमधला एक जण लागतो आणि त्याचं नाव कार्डावर राहतं. कोण सरकवणार यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. शेवटी आठवड्याच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी आली करमाळ्याच्या पोराकडे. तो म्हणे तसाही पहाटे उठतोच, दौंडचा आकडा बघायला.