रुडॉल्फ डिझेल

बीड जिल्ह्यांतील एखाद्या शेतकऱ्यास डिझेल म्हणजे काय असें विचारलें, तर विहिरीवरच्या इंजिनांत घालावयाचें तेल, असें तो चटकन् सांगेल. डिझेल हें एका मनुष्याचें नांव होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आणि आपलें इंजिन खनिज तेलावांचून चालणारच नाहीं असें त्या मनुष्यास मुळींच वाटत नव्हतें, ही गोष्ट तर त्याहूनही थोड्यांच्या कानीं गेली असेल. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रुडॉल्फ डिझेल हा 18 मार्च 1858 रोजीं पॅरिस शहरीं जन्मला. आईबाप मूळचे बव्हेरियांतले. बाप चामड्याच्या वस्तु करणारा साधा कारागीर असून, तयार झालेला माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोंचविण्याचें काम लहान रुडॉल्फकडे असे. 1870 सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध जुंपलें आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनचा रस्ता धरावा लागला. बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी तेथून ऑग्सबर्ग येथें नातेवाइकांकडे शिक्षणासाठीं झाली. चौदाव्या वर्षीं त्यानें आपण इंजिनियर होणार असें आईबापांस पत्रानें कळविलें. पुढें म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत त्याला शिष्यवृत्ति मिळाली. परीक्षेच्या ऐन वेळीं विषमज्वरानें गांठलें, तरी 1880 च्या जानेवारींत तो अत्युत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला.

बर्फ तयार करण्याच्या यंत्रांविषयीं प्रसिद्ध असलेले लिंडे हे तेथें त्याचे गुरु. वाफेच्या इंजिनांत जो कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेचा दहावा भागही कामीं येत नाहीं, बाकीची उष्णता धुराबरोबर व वाफेबरोबर निघून जाते, हें तो या विद्यालयांत शिकला. हा अपव्यय त्याच्या मनास फार लागला. दुसरीही एक गोष्ट त्याला बोंचत होती. वाफेचें इंजिन प्रचंड व महाग. तें गिरणीवाल्यास परवडे, पण विणकर, सुतार, घड्याळजी यांस नव्हे. यंत्राच्या अभावीं हे लहान कारागीर गिरण्यांपुढें नामशेष होत चालले होते. कारागिराच्या घरांत वाढलेल्या मुलास याचें दुःख व्हावें, यांत नवल काय?

सायकलच्या टायरांत हवा भरतांना पंपाचें बूड ऊन होतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल. हवा दाबली कीं तापते. डिझेलनें हाच नियम हातीं धरला. हवा इतकी दाबावयाची कीं ती लालभडक निखाऱ्याप्रमाणें तापावी, मग तींत जळणाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. ठिणगीवांचून तें आपोआप पेट घेतें. ही युक्ति त्यानें 1892 त पेटंटासाठीं दाखल केली व ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यानें तिला आश्रय दिला. 10 ऑगस्ट 1893 रोजीं पहिल्याच प्रयोगांत स्फोट होऊन दाबमापकाचे तुकडे उडाले. डिझेल डगमगला नाहीं. कोळशाची भुकटी जाळण्याचाही त्यानें प्रयत्न केला, तो फसला. अखेर 17 फेब्रुवारी 1897 रोजीं प्रोफेसर श्रोटर यांनीं नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा केली. तेव्हां जळणांतील शेंकडा 26 भाग शक्ति कामीं आलेली दिसली. इतकें काटकसरी इंजिन तोंपर्यंत जगांत झालेलें नव्हतें.

1900 सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत डिझेलच्या पद्धतीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. आफ्रिकेंतील वसाहतींस बाहेरून कोळसा वा तेल आणावें लागूं नये, अशी फ्रेंच सरकारची इच्छा होती. इंजिन खनिज तेलासाठीं बांधलेलें, तरी त्यांत कांहींही फेरफार न करतां तें या तेलावर इतकें सुरळीत चाललें कीं पाहणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या तें ध्यानांत आलें. डिझेल या प्रयोगास विसरला नाहीं. 1912 त त्यानें असें मत मांडलें कीं वनस्पतींचीं तेलें आज क्षुल्लक वाटलीं, तरी काळांतरानें तीं खनिज तेलाच्या तोडीचीं होतील. आणि भूमींतील कोळसा व तेल सरलें, तरी सूर्याची उष्णता शेताच्या वाटेनें मनुष्यास शक्ति देत राहील.

त्याच 1912 सालीं सेलांडिया नांवाचें डेन्मार्कचें जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेलें. कीर्ति कळसास पोंचली होती. घरची स्थिति मात्र निराळी होती. पेटंटांचे तंटे, ढासळलेली प्रकृति, जमिनींच्या व्यवहारांतील बूड यांनीं तो कर्जांत रुतला होता. 29 सप्टेंबर 1913 च्या सायंकाळीं तो अँटवर्प येथें ड्रेसडेन नामक आगबोटींत चढून इंग्लंडकडे निघाला. सकाळीं पाहतात तों बिछाना न वापरलेला. टोपी व घडी केलेला कोट डेकवर. सुमारें दहा दिवसांनीं एका डच बोटीस समुद्रांत प्रेत आढळलें. खिशांतील वस्तूंवरून मुलानें ओळख पटविली. त्यानें आत्मघात केला असेंच बहुतेकांचें मत आहे, तरी खात्रीचें उत्तर कोणाजवळही नाहीं. त्याचें वय अवघें 55 वर्षांचें होतें.

डिझेल गेला, इंजिन राहिलें, आणि खनिज तेल स्वस्त असल्यामुळें तें त्याच तेलाशीं जखडलें गेलें. 23 सप्टेंबर 2022 रोजीं नगरहून आष्टीस पहिली प्रवासी आगगाडी आली, ती डिझेलवरच. उपकार नाकारतां येत नाहींत. मोटेचे बैल सुटले, माल बाजारीं पोंचूं लागला. परंतु एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें 2.6 किलो कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेंत मिसळून पृथ्वीचें तापमान वाढवितो. 2012 त जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो असें ठरविलें. ऑगस्ट 2010 त मुंबई बंदराजवळ चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन शेंकडों टन तेल समुद्रांत सांडलें. किनाऱ्यावरील तिवरें काळीं पडलीं व कोळ्यांची मासळी कोणी घेईना.

मग डिझेलच्याच मूळ मार्गानें कां जाऊं नये? वनस्पतीचें कच्चें तेल दाट असल्यामुळें रोजच्या वापरांत इंजिनाचा फवारा त्यानें चोंदतो. 1937 त बेल्जियमच्या शाव्हान यांनीं तेलावर रासायनिक क्रिया करून हा दोष घालविण्याचें पेटंट घेतलें; आजचें जैवडिझेल त्याच जातीचें. तथापि बीडसारख्या अवर्षणाच्या मुलखांत प्रश्न निराळा आहे. लिटरभर तेलास सुमारें अडीच किलो शेंगदाणे लागतात. तें पोटाचें अन्न इंजिनास घालणें शहाणपणाचें नव्हे. न खाल्ल्या जाणाऱ्या मोगली एरंडाचा या शतकाच्या आरंभीं मोठा गाजावाजा झाला, पण कोरड्या माळावर त्याला बीं फारच थोडें धरलें. करंजाचें झाड आपल्या मातीचें खरें, परंतु तें फळास येण्यास वर्षें लागतात. विजेच्या पंपानें विहिरीवरचा धूर नाहींसा होतो, तरी तो बराचसा परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून निघतो. आणि परळीचें केंद्र तर 2013 व 2015 त पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें.

राहिला सूर्य. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या फिरूं लागल्या आहेत, व जिल्ह्यांत हजारों विहिरींवर सौर कृषिपंप बसले आहेत. डिझेलनें सूर्याची शक्ति शेंगेंतून घ्यावयाची म्हटली होती. येथें ती कांचेच्या पाट्यांतून थेट मिळते. दिवसाउजेडीं पाणी देतां येतें, रात्रीं सापविंचवाच्या भयांत दारें धरावीं लागत नाहींत. आभाळ आलें म्हणजे पंप मंदावतो, ही अडचण पावसाळ्यांत फारशी जाणवत नाहीं. खरी काळजी दुसरीच आहे. डिझेलचा पैसा खिशांतून जाई तोंवर शेतकरी इंजिन वेळेवर बंद करी. ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर चालूं राहिला, तर चैत्र लागण्यापूर्वींच विहिरीचा तळ दिसूं लागतो.