मासळीबाजारातील गव्हर्नर : आल्फ्रेड स्मिथ यांचे चरित्र

देवळाच्या महोत्सवाच्या या अंकात सातासमुद्रांपलीकडील एका गव्हर्नराचे चरित्र कशासाठी, असे कोणी वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या पुरुषाचे सारे शिक्षण एका पॅरिशच्या शाळेत, आणि तेही अर्धेच, झाले, तो पुढे न्यूयॉर्क राज्याचा चार वेळा गव्हर्नर झाला. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी एका प्रमुख पक्षाने उभा केलेला पहिला काथलिकही तोच. तिकडे गव्हर्नर वरून नेमला जात नाही, लोक त्यास मते देऊन निवडतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ यांचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या पूर्वभागी, नदीकाठच्या गरीब वस्तीत झाला. त्या वेळी घराजवळच ब्रुकलिनचा प्रचंड पूल उभा राहत होता; पूल आणि पोर दोन्ही बरोबरच वाढली. आईचे वडील आयर्लंडहून आलेले, तर बाप मालाची गाडी हाकून पोट भरणारा. सेंट जेम्सचे देऊळ हेच मुलाचे दुसरे घर होते. तेथे तो वेदीसेवक होता, तेथल्याच शाळेत शिकला आणि तेथल्याच हौशी नाटकमंडळीत रंगभूमीवर उभा राहिला. हजारोंच्या सभा ज्या खणखणीत आवाजाने पुढे जिंकल्या, तो आवाज तेथेच तयार झाला, असे आम्हांस वाटते.

१८८६ साली बाप वारला. आई छत्र्यांच्या कारखान्यात जाऊ लागली आणि चौदाव्या वर्षी मुलाची शाळा सुटली. पुढे फुल्टन मासळीबाजारात त्यास आठवड्यास १२ डॉलरची नोकरी लागली. मासळीबाजार म्हणजे काय, हे आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको: पहाटेच्या अंधारात उठणे, बर्फाने बधिर झालेले हात, अंगाचा न सुटणारा वास. मोठेपणी विद्वान मंडळी आपापल्या पदव्या सांगू लागली की स्मिथ हसत हसत या बाजाराचेच नाव आपली पदवी म्हणून सांगत.

राजकारणात त्यांस आणले ते टॅमनी हॉल या संस्थेने. या संस्थेची कीर्ती लाचलुचपतीसाठी होती, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि गरिबाच्या मुलास वर चढण्यास त्या वस्तीत दुसरी शिडी नव्हती. १९०३ साली ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. आरंभी तेथील कायद्यांचे मसुदे त्यांस मुळीच उमगत ना. बँकेशी ज्यांचा कधी व्यवहार नव्हता त्यांस बँकांच्या समितीवर नेमले, आणि जन्मात अरण्य न पाहिलेल्यास अरण्यांच्या समितीवर! पद सोडून घरी जावे असेही त्यांच्या मनात येऊन गेले. परंतु रात्री खोलीत बसून त्यांनी एकेक मसुदा ओळीओळीने वाचण्याचा परिपाठ ठेवला, आणि काही वर्षांतच राज्याचा कारभार त्यांच्याइतका जाणणारा मनुष्य त्या सभागृहात उरला नाही.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यास आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. एका बाजूचा दरवाजा कुलूपबंद होता, आणि अग्निशामकांच्या शिड्या तेथवर पोहोचत नव्हत्या. १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक इटालियन व यहुदी कुटुंबांतील तरुण मुली होत्या. कित्येकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. मृतांपैकी कित्येक कुटुंबे स्मिथ यांच्याच मतदारसंघाच्या आसपास राहणारी. स्मिथ त्यांच्या घरोघर गेले. पुढे जी चौकशी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर व उपाध्यक्ष स्मिथ. समितीने कचेरीत बसून साक्षी घेण्यावर भागविले नाही. फ्रान्सेस पर्किन्स या बाईंनी, ज्या १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या, सभासदांस कारखान्यांत नेऊन रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया आणि फळे-भाज्या डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबणारी बालके प्रत्यक्ष दाखविली. यातून तीसहून अधिक कायदे झाले. डबाबंद मालाच्या मालकांनी आठवड्याच्या सुट्टीच्या नियमातून आपणांस वगळावे असा आग्रह धरला, तेव्हा स्मिथ यांनी सभागृहात सांगितले की पवित्र दिवस पाळण्याची आज्ञा आपण नीट वाचली, पण तीत या कारखान्यांसाठी कोठेही अपवाद आढळला नाही. पॅरिशच्या शाळेत पाठ केलेल्या दहा आज्ञांचा असा उपयोग विधिमंडळात क्वचितच झाला असेल.

१९१८ साली ते गव्हर्नर म्हणून निवडून आले, १९२० साली हरले, आणि १९२२, १९२४ व १९२६ साली पुन्हा निवडून आले. विखुरलेली असंख्य खाती त्यांनी थोडक्यांत आणली. १९२० साली विधिमंडळाने पाच समाजवादी सभासदांस हाकलून दिले, तेव्हा त्यांची मते पटत नसूनही स्मिथ यांनी उघड निषेध केला. लोकांनी निवडलेल्यास लोकांनीच दूर करावे, ही त्यांची भूमिका होती.

१९२४ साली पक्षाच्या अधिवेशनात १०३ वेळा मतदान होऊनही उमेदवारी त्यांस मिळाली नाही. १९२७ साली एका वकिलाने मासिकातून जाहीर प्रश्न केला की काथलिक मनुष्य राज्यघटनेशी एकनिष्ठ राहू शकेल काय. लष्करातील प्रसिद्ध पाद्री फ्रान्सिस डफी यांच्या साहाय्याने स्मिथ यांनी उत्तर लिहिले. घटनेच्या अंमलात ढवळाढवळ करण्याचा अधिकार आपण कोणत्याही धर्मसंस्थेस मानीत नाही. आपल्या मंत्रिमंडळातील १४ जणांत काथलिक अवघे तीन आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. उत्तर निर्भीड होते, पण ज्यांस ऐकावयाचेच नव्हते त्यांस ते कसे पटणार? १९२८ साली उमेदवारी मिळाली आणि प्रचाराची गाडी ओक्लाहोमात शिरली, तेव्हा कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी रेल्वेच्या कडेला क्रूस जाळले. न्यूयॉर्कच्या नव्या भुयारी रस्त्यातून रोमचे पोप येणार, अशी हास्यास्पद कंडीही पिकली. निकालात हूव्हर यांस ४४४ व स्मिथ यांस ८७ निर्वाचकमते पडली. त्यांचे स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही हातचे गेले. केवळ धर्मापायी ते हरले असे आम्ही म्हणणार नाही. देशात सुबत्ता होती आणि दारूबंदीस त्यांचा विरोधही होता. परंतु तो घाव खोल गेला, यात शंका नाही.

पुढे ते एम्पायर स्टेट इमारत बांधणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. १०२ मजल्यांची ती इमारत १९३१ साली उघडली. त्यांचे जुने सहकारी फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२ साली अध्यक्षपदी निवडून आले. १९३६ साली स्मिथ यांनी त्यांचा उघड विरोध करून प्रतिपक्षास साथ दिली. ज्या मजूर-कायद्यांचा पाया आपण घातला त्यांवरच रूझवेल्ट घर बांधीत असता स्मिथ यांनी पाठ फिरवावी, याचे आम्हांस वाईट वाटते. दुखावलेल्या मनाचा त्यात वाटा असावा.

उतारवयात ते शहरातील प्राणिसंग्रहालयाशेजारी राहत. त्यांस तेथील रात्रीच्या अधीक्षकाचे मानाचे पद व किल्ल्या मिळाल्या होत्या, आणि नातवंडांस घेऊन जनावरे पाहण्यास जाण्यात त्यांस मोठा आनंद वाटे. पत्नी कॅथरिन मे १९४४ मध्ये वारल्या. पाच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर रोजी, तेही गेले. त्यांचा देह सेंट पॅट्रिक कथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवला होता. तेथील मिस्सेनंतर कॅल्व्हरी स्मशानभूमीत, पत्नीशेजारी, त्यांस पुरण्यात आले. पहिला काथलिक अध्यक्ष अमेरिकेने निवडला तो १९६० साली.