दुचाकीबरोबर शिकवणीही देणारे लक्ष्मणराव

सांगली, खास प्रतिनिधी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की सातारा-सांगलीतील अनेक घरांत मोटारसायकलचा विषय निघतो. कोणती गाडी घ्यायची, हप्ता किती बसेल, अ‍ॅव्हरेज किती मिळेल, याची चर्चा आठवडाभर रंगते. ती चालवायला मुलाला किंवा मुलीला कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मित्राच्या गाडीवर चार फेऱ्या मारल्या, की शिक्षण पूर्ण झाले असे गृहीत धरले जाते. याच भूमीशी कायमचे नाते जडलेल्या एका उद्योजकाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा प्रश्न ओळखला होता. दुचाकी विकण्याइतकेच ती चालवायला शिकवणेही महत्त्वाचे आहे, हे जाणणाऱ्या त्या गृहस्थांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

किर्लोस्कर म्हटले, की पंप, तेलावर चालणारी इंजिने आणि लोखंडी नांगर डोळ्यांसमोर येतात. या साऱ्या पसाऱ्याचा उगम सायकलच्या एका छोट्या दुकानात आहे, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

रंगांनी दिलेली हुलकावणी

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे असले, तरी लक्ष्मणरावांचे मन शालेय पुस्तकांत रमत नव्हते. चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडतोड-जोडणी यांतच त्यांना गोडी होती. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. मात्र काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. चित्रकाराच्या दृष्टीने हा दोष मार्ग बंद करणारा होता.

आयुष्यातील हा पहिला मोठा धक्का त्यांनी शांतपणे पचवला. रंगांची गरज नसलेल्या यांत्रिक आरेखनाकडे ते वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे अध्यापक झाले. वर्गातील काम संपल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत रमत. यंत्र उघडावे, त्याचे कार्य समजून घ्यावे आणि पुन्हा जोडावे, हा त्यांचा छंद होता.

पंधरा रुपयांची शिकवणी

मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना त्यांनी पाहिले आणि या वाहनाने त्यांना भुरळ घातली. तो काळ सायकलच्या स्थित्यंतराचा होता. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले, अशा धोकादायक सायकली मागे पडत होत्या. इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास दोन्ही चाके सारख्या आकाराची आणि साखळीने फिरणारी सुरक्षित सायकल तयार झाली होती. लक्ष्मणरावांनी सायकल मिळवली, ती चालवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि त्यातील व्यवसायाची संधीही हेरली. ते मुंबईत सायकली खरेदी करत आणि बेळगावात रामूअण्णा त्यांची विक्री करत. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाचा प्रारंभ १८८८ मध्ये झाला, तो असा.

त्या वेळी एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात होती, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची. ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे आकारले जात. सायकलच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ होती. परंतु तिच्याविना एवढी महागडी वस्तू ग्राहकाच्या अंगणात धूळ खात पडली असती.

दुचाकीचे शास्त्रच तसे आहे. उभी असताना ती पडते आणि वेग घेतला की सावरते. ज्या बाजूला ती कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवावे लागते. घाबरलेला शिकाऊ नेमके उलट करतो आणि आपटतो. ही गोष्ट शंभर वेळा सांगून कळत नाही, ती शरीरालाच शिकवावी लागते. त्यासाठी मोकळी जागा हवी, सीट धरून मागे धावणारे कोणीतरी हवे आणि धरलेला हात योग्य क्षणी सोडण्याची जाणही हवी. लवकर सोडला तर शिकाऊ पडतो. कधीच सोडला नाही तर तो शिकत नाही.

लोखंडी नांगराची परीक्षा

संस्थेत हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले. सायकलींबरोबर पवनचक्क्यांची विक्री, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर, अशी त्यांची वाटचाल झाली. मात्र नांगराच्या वेळी त्यांची खरी परीक्षा होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. तयार नांगर पडून राहिले. पहिले गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे लागली.

शेतकऱ्यांची ही भीती पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्याच्या भीतीहून वेगळी नव्हती. तर्काने ती जाणारी नव्हती. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर माती पलटी करतो आणि हरळी, कुंद्यासारखे खोलवर मुळे रोवणारे तण उपटून काढतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच विश्वास बसू लागला. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवले नाही. त्यांनी वाट पाहिली, नांगर सुधारला आणि पुन्हा बाजारात नेला.

औंधचा आधार, कुंडलचे माळरान

बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाल्याने १९१० मध्ये त्यांच्यावर स्थलांतराची वेळ आली. या अडचणीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या या रसिक राजाने कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाने आणि सापांनी भरलेले माळरानच ते. १० मार्च १९१० रोजी तेथे मोजक्या कामगारांच्या कुटुंबांसह नवी वसाहत उभी राहिली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही बदलले.

शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी लक्ष्मणरावांना येथे लाभले. शिक्षा भोगून आलेल्यांवरही त्यांनी विश्वास टाकला आणि वसाहतीच्या पहाऱ्याचे काम दिले. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली तरी कारखाना टिकला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड'ची नोंदणी झाली. पुत्र शंतनुरावांना त्यांनी यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील एमआयटीत पाठवले आणि परतल्यावर टप्प्याटप्प्याने कारभार त्यांच्या हाती सोपवला. सायकलमागे धावणाऱ्याला हात केव्हा सोडायचा हे कळावे लागते, तेच येथेही घडले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

नव्या चालकांसाठी शिदोरी

लक्ष्मणरावांच्या काळी सायकल हेच नवलाचे यंत्र होते. आज मोटारसायकल ओळखीची झाली आहे आणि नेमका तिथेच धोका आहे. ओळखीमुळे भीती जाते, पण कौशल्य येत नाही. कौशल्याविना आलेला आत्मविश्वास हा पहिल्या वळणापर्यंतच टिकतो. गिअरच्या गाडीचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. परंतु परवाना हातात पडला म्हणजे सराव झाला, असे नव्हे.

पहिले काही दिवस सकाळी मोकळ्या मैदानावरच घालवावेत. क्लच हळूहळू सोडताना गाडी नेमकी कोठे उचल घेते, ते हाताला कळले पाहिजे. अगदी कमी वेगात आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या घ्याव्यात, कारण सावकाश गाडी सांभाळणे हेच अधिक अवघड असते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि क्रमाने दाब वाढवत लावायला शिकावे. गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. भीतीपोटी केवळ मागचाच वापरला, तर चाक घसरते. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जायचे आहे तिकडे ठेवावी.

त्यानंतर गल्लीतील रस्ते, मग वर्दळ आणि सर्वांत शेवटी घाट, असा क्रम असावा. कासच्या ओढीने पहिल्याच आठवड्यात यवतेश्वरचा घाट चढणे किंवा सांगली-मिरज रस्त्यावरील गर्दीत शिरणे, हे धाडस नव्हे. हात बसेपर्यंत डबलसीट टाळावे. गाळप हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. पावसाळ्यात शेतातून चाकांबरोबर आलेली काळी माती डांबरी रस्त्यावर साबणासारखी होते. या दोन गोष्टी आपल्या भागातील प्रत्येक चालकाने मनावर कोराव्यात. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवू नये, हे वेगळे सांगणे न लगे.

आज मोटारसायकलची किंमत लाखाच्या आसपास गेली आहे. ती जमवताना पालक कर्ज काढतात, दागिनेही मोडतात. या खर्चात लक्ष्मणरावांच्या हिशेबातील ते १५ रुपये धरायचे राहून जातात. आता ते रुपयांत मोजायचे नाहीत. घरातील जाणत्या चालकाने नव्याबरोबर मैदानावर पहिले पंधरा दिवस काढावेत, इतकीच ती शिकवणी आहे. तेवढा वेळ नसेल, तर गाडीची खरेदीही थोडी लांबणीवर टाकलेली बरी.