मातीतून गादीवर

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा तालुक्यांत उजनी धरणाच्या जलाशयाकाठी जी गावे आहेत, त्यांतील पुष्कळ गावांत ग्रामदैवताच्या यात्रेला कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडू लागली, की शेतातली माणसे हातातले काम टाकून मैदानाकडे धाव घेतात. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात आणि मग नावाजलेले मल्ल आखाड्यात उतरतात. तालमीच्या हौद्यातील माती साधी नसते. ती चाळून घेतलेली असते. तिच्यात ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मिसळलेला असतो. अशा मऊ मातीत पाय किंचित रुततो आणि मल्लाला पक्का आधार मिळतो. लहानपणापासून या मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पायांना तो आधार इतका सवयीचा होतो, की त्याचे त्याला भानही राहत नाही.

भीमेकाठच्या या मुलांप्रमाणेच कृष्णाकाठचा एक मुलगा मातीत वाढला. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पहिलवान होते. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे त्यांनीच दिले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन खाशाबा पुढे कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लांचे माहेरघर. खाशाबांची देहयष्टी लहानखुरी होती. त्यांना प्रथम पाहणाऱ्याला हा मोठा मल्ल आहे, असे वाटलेही नसते. परंतु त्यांच्या अंगी विलक्षण चपळाई होती, आणि त्यांचा ढाक हा डाव तर प्रतिस्पर्ध्याला सावरायला उसंतच देत नसे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा तेथे पोहोचले आणि सर्वांत हलक्या वजनाच्या गटात उतरले. तेथे पाहतात तो मातीचा मागमूसही नाही! मल्लांपुढे गादी अंथरलेली. आपल्याकडील कुस्ती एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत चालायची. तेथे वेळ ठरलेली, आणि कोणी चितपट झाला नाही तर पंच निकाल देणार. मातीत पाय रुततो. गादीवर तो रुतत नाही. मातीत ज्या क्षणी ज्या जोराने डाव टाकायचा, तो क्षण आणि तो जोर गादीवर जुळेलच असे नाही. हात तेच, डाव तोच, परंतु पायांखालची भूमी बदलली, की जणू अर्धी विद्या नव्याने शिकावी लागते.

असे का होते? माणसाचे शरीर एखादी हालचाल शिकते, तेव्हा ती एकटी शिकत नाही. पायांखालची जमीन, समोरचा गडी, अंगावरचा पोशाख, या सर्वांसह ती शिकली जाते. म्हणून ज्या परिस्थितीत सामना व्हायचा, तिच्याशी मिळतीजुळती परिस्थिती सरावातही असावी लागते. हे आज शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे. खाशाबांना ते लंडनच्या गादीवर उमगले.

अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये खाशाबांना या नव्या रीतीचे शिक्षण दिले. शिकायला वेळ थोडाच होता. तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका या देशांच्या मल्लांना हरवले आणि आपल्या गटात सहावा क्रमांक मिळवला. ज्याने पूर्वी गादीचा पुरेसा सराव केलेला नाही, अशा मल्लाने एवढी मजल मारणे ही सामान्य गोष्ट नव्हे. खाशाबांचे समाधान मात्र झाले नाही. परत येताच ते पुढील ऑलिंपिकच्या तयारीला लागले.

सराव म्हणजे केवळ जोर-बैठकांची मोजदाद, अशी पुष्कळांची समजूत असते. जोर-बैठकांनी बळ येते, हे खरेच. परंतु बळ आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच डाव एकाच जोडीदारावर शंभर वेळा टाकला, तर त्या दिवशी तो सफाईने जमू लागतो आणि मुलाला वाटते, की आपल्याला आता सारे आले. चार दिवसांनी निराळा गडी समोर आला, की तोच डाव फसतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत मोठा मौजेचा आहे. आठ वर्षांच्या मुलांना लहान पिशव्या एका खुणेवर टाकायला सांगितल्या. काही मुलांनी ३ फुटांवरच्या खुणेचाच सराव केला. काहींनी कधी २ फुटांवर, तर कधी ४ फुटांवर पिशव्या टाकल्या. नंतर सर्वांची परीक्षा घेतली ती ३ फुटांवर. ज्यांनी त्या अंतराचा सराव केलाच नव्हता, त्यांचा नेम अधिक चांगला ठरला! अंतर बदलले, की हाताला दर वेळी नव्याने अंदाज घ्यावा लागतो, आणि तो अंदाज घेण्याची शक्तीच सरावाने वाढते.

आपल्या तालमींत जोडीदार बदलून लढती घेण्याची जी रीत आहे, तिचे मर्म यात सापडते. कधी वजनदार गडी, कधी उंच, कधी डावखुरा. प्रत्येकाशी झुंजताना निराळा विचार करावा लागतो. जाणता वस्तादही हौद्याच्या कडेला बसून प्रत्येक हालचालीला टोकत नाही. पट्ठ्याला आपली चूक आपण ओळखू देतो, आणि मग नेमके एक वाक्य बोलतो. प्रयोगशाळेतील मंडळी या निष्कर्षाला पुष्कळ उशिरा पोहोचली, असे म्हणावे लागेल.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होते. या वेळी खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात लढणार होते. तयारी झाली, पण प्रवासाला पैसा कोठून आणावा? गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. ती अपुरी पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी हे धाडस त्यांनी केले!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी मात्र त्यांची दीर्घ झुंज झाली आणि तीत ते थोडक्यात हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु आपल्याकडील कोणी अधिकारी तेथे दाद मागायला हजर नव्हता, आणि थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले, असे सांगतात. ती कुस्तीही गेली. तरीही कांस्यपदक त्यांचे झाले. स्वतंत्र भारताला कोणा एका खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. असे दुसरे पदक भारताला १९९६ साली मिळाले. मध्ये ४४ वर्षे लोटली होती.

कऱ्हाड स्थानकावर खाशाबा उतरले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांच्या स्वागताला उभ्या होत्या. गोळेश्वरापर्यंतची थोडी वाट, पण मिरवणुकीला तासन्‌तास लागले. सत्कार आटोपताच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरवले. त्यांतून जे उत्पन्न झाले, ते त्यांनी प्रथम खर्डेकरांच्या हाती दिले आणि गुरुजींचे घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले व तेथूनच निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव आहे ऑलिंपिक निवास.