सुकथनकर : कागदावर ‘व्हर्जन हिस्ट्री’ सांभाळणारा संपादक

गूगल डॉक्समध्ये एकाच फाइलवर दहा जण काम करतात, तरी कुणी काय बदललं ते हिस्ट्रीमध्ये दिसतं. जवळपास १०० वर्षांपूर्वी पुण्यात हेच काम कागदावर चालायचं. ते चालवणारे होते विष्णु सीताराम सुकथनकर.

जन्म ४ मे १८८७. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. परत येऊन पुरातत्त्व खात्यात नोकरी, जुने कोरीव लेख वाचायचं काम. १९२५ मध्ये ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले.

प्रॉब्लेम काय होता?

महाभारताची मूळ प्रत कुणाकडेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला : काश्मीरची शारदा लिपीत, केरळची मलयाळममध्ये, शिवाय बंगाली, नेपाळी, तेलुगू, ग्रंथ लिपीतल्या. नकलणाऱ्याने कुठे शब्द बदलला, कुठे श्लोक घातला. गिटच्या भाषेत सांगायचं तर शेकडो फोर्क, आणि मेन ब्रँच गायब!

मग केलं काय?

आडव्या-उभ्या रेघा मारलेला फुलस्केप कागद घ्यायचा. वरच्या ओळीत छापील प्रतीतला श्लोक ठळक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. जे अक्षर वेगळं, ते बरोबर त्याच्याच खाली. उजवीकडे शेऱ्यासाठी रकाना, तळाशी जादा श्लोकांना जागा. थोडक्यात, एक्सेल शीट! शास्त्री आणि पदवीधर मिळून हे भरायचे. पुण्याबरोबरच शांतिनिकेतन आणि तंजावरलाही काम चालायचं.

निर्णय मात्र सोपे नव्हते. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुराव्यावर ती मूळ संहितेत टिकली नाही. सुकथनकरांनी ती डिलीट केली नाही, परिशिष्टात ठेवली. छोटे जादा श्लोक तळटीपेत तारांकित नंबर देऊन छापले. जिथे खात्री कमी, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ.

फ्रेंच विद्वान सिल्व्हाँ लेव्ही यांना ही पद्धत पटली नव्हती. प्रचलित पाठच छापा आणि पाठभेद खाली द्या, असं त्यांचं मत. सुकथनकर आपल्या पद्धतीवर ठाम राहिले. वाचकाला त्यांचा निर्णय पटला नाही, तरी सगळा डेटा त्याच पानावर होता. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं. नंतर नेपाळमधून एक जुनं हस्तलिखित हाती आलं आणि त्यांच्या बऱ्याच निर्णयांना त्यातून दुजोरा मिळाला.

२१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. मुंबई विद्यापीठातली त्यांची महाभारतावरची व्याख्यानमाला तेव्हा सुरूच होती, शेवटचं व्याख्यान राहून गेलं. प्रकल्प मात्र थांबला नाही. कोणता श्लोक का घेतला, का वगळला, हे लिहिलेलं होतं, त्यामुळे बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांना काम पुढे नेता आलं. १९६६ मध्ये १९ खंडांची मूळ संहिता पूर्ण झाली.

पुढे जपानच्या तोकुनागा यांनी ही संहिता कॉम्प्युटरवर आणली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आज धामणगाव बढे इथे बसूनही ती मोबाईलवर फुकट वाचता येते. पण त्या फाइलमध्ये सर्च करताना एक लक्षात ठेवा : समोर दिसणारी प्रत्येक ओळ अनेक हस्तलिखितं ताडून, कुणीतरी जबाबदारी घेऊन निवडलेली आहे.