अंबरचं पाणी आणि आमच्या बागेतला हौद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलनीच्या बागेत कारंज्याच्या हौदात शेजारची चार वर्षांची पोर पडली. हौद जेमतेम दोन फुटांचा. ना आवाज, ना ओरडणं. माळीमामांचं लक्ष गेलं म्हणून वाचली. दुसऱ्याच दिवशी मीटिंग बसली. ठरलं, हौद बुजवायचा आणि वर सिमेंट ओतायचं. मीही हात वर केला, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. ज्या गावात नळाची वाट बघण्यात बायकांची वर्षं गेली, तिथल्या मुलांनी पाण्याशी खेळायचं तरी कुठं? त्या रविवारी नातवाला घेऊन पाणचक्कीला गेले. भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी बघून तो नाचायलाच लागला. पाणचक्की नंतरची, अठराव्या शतकातली. पण या शहरात डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणायची वाट घालून दिली ती मलिक अंबरनं. शाळेत त्याचं नाव दोन ओळींत उरकलं होतं. आता मुद्दाम वाचायला घेतलं आणि त्यात गुंतूनच गेले.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. नाव चापू. लहान वयातच गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात. बगदादच्या एका मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं ते निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं. तो स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. मालक गेल्यावर तो मोकळा झाला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. सगळं संपलं असं वाटत असताना अंबरनं निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवला आणि स्वतः पेशवा झाला. गनिमी काव्यानं त्यानं मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. मराठे सरदार त्याच्या बाजूनं लढत. शेतसाऱ्याची त्यानं लावलेली घडीही नावाजली गेली. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं आपलं छत्रपती संभाजीनगर. १६१६ मध्ये मुघलांनी खडकी जाळली. तरी तो खचला नाही. त्याच सुमारास त्यानं शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली.

या नहरीची युक्ती मला फार आवडली. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि नुसत्या उतारानं गावात आणायचं. मोट नाही, रहाट नाही. वाट जमिनीखालून, म्हणून घाण पडत नाही, पाणी उन्हानं आटत नाही. मधेमधे माणूस उतरून गाळ काढू शकेल अशी भोकं. पुढे खापरी नळ आणि उंच मनोरे. मनोऱ्यात पाणी वर चढतं, नळातला दाब मोकळा होतो. एकूण काय, पाणी वाहतं ठेवायचं, झाकून आणायचं आणि हवं तिथंच उघडं करायचं.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्याचं बालपण बाजारात विकलं गेलं, त्यानं वसवलेल्या गावात पुढे किती पिढ्यांची पोरं त्याच्या पाण्यावर वाढली असतील! हा विचार काही मनातून जाईना.

पुढच्या मीटिंगला मी कागद घेऊनच गेले. म्हटलं, हौद बुजवा, पण पाणी घालवू नका. साठलेलं पाणी नको, वाहतं ठेवू. खडबडीत फरशीला हलका उतार द्यायचा. फरशीतून छोट्या चिळकांड्या उडतील आणि पाणी लगेच जाळीतून खाली जाईल. तळवे भिजतील इतकंच पाणी वर राहील. डासांना जागा नाही, पाय घसरायची भीती कमी. टाकी जमिनीखाली, झाकणाला कुलूप. मोटार आणि वायरी मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. पाणी स्वच्छ, रोज संध्याकाळी अर्धाच तास, आणि वापरलेलं सगळं झाडांना. आयांसाठी बाक समोरच, मधे झुडूप नको. कितीही केलं तरी मोठ्या माणसाची नजर हवीच.

तासभर वाद झाला. खर्चाचं निघालं, पाण्याचं निघालं. शेवटी पडलेल्या मुलीची आईच उभी राहिली आणि म्हणाली की करून बघू या. मग कोणी काही बोललं नाही.

आता संध्याकाळी तिथं नुसता गोंधळ असतो. कपडे भिजतात, आया रागावतात, पोरं ऐकत नाहीत. मैत्रिणींनो, तुमच्याही सोसायटीत असा हौद असेल तर आजच जाऊन खोली बघा. लहान बाळाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं. पण भीतीपोटी सिमेंट ओतण्याआधी, उतार कुठून कुठं जातो तेही एकदा बघा.