जोतीराव फुले : पेठेतली शाळा आणि पटावरची मुले

महात्मा जोतीराव फुले (1827-1890) यांचे नाव आपण जाणताच. पण हेच जोतीराव लहानपणी शाळेबाहेर बसले होते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

एका कारकुनाचे ऐकून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. मुलाची हुशारी हेरली ती शेजाऱ्यांनी. फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मुन्शीजी आपल्या घरी स्वस्थ बसते तर काय झाले असते, याचा विचार आपणच करा.

1848 साली जोतीरावांनी बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकांचा रोष इतका की दोघांना घर सोडावे लागले. 3 जुलै 1851 रोजी त्याच पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा उघडली तेव्हा मुली होत्या अवघ्या 8. पुढे त्या 48 झाल्या. मग रास्ता पेठ, वेताळ पेठ. फेब्रुवारी 1853 मध्ये जाहीर परीक्षा झाली तेव्हा तिन्ही शाळांत मिळून 237 मुली होत्या. पुण्याची माणसे ही परीक्षा पाहायला लोटली होती. या कामात फातिमा शेख यांचाही हात होता. आजारपणात माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंनी 1856 च्या पत्रात, आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, अशी काळजी केली आहे.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. गरिबांची मुले शाळेत येतात, पण दारिद्र्यामुळे टिकत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुसलमानांविषयीही सांगितले : मराठी-इंग्रजीची गोडी नसल्याने ते सरकारी शाळांपासून दूर राहतात, आणि त्यांच्या भाषेतल्या शाळा थोड्या आहेत. हे वाचून वाईट वाटेल, पण सांगणारा माणूस मुन्शीजींच्या शब्दाने शाळेत परतलेला होता. त्यात हेटाळणी नव्हती.

सक्तीचा कायदा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला तो 1918 साली.